नमुना एकाच हातचा

मी तापट आहे. लहानपणी होते, एम.एस्सी. झाल्यावर होते, आणि आता गुडघे कुरकुरायला लागले तरी आहेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या उन्हाळ्यात मी घरात जे बोलले त्याला कोणी भलतंसलतं कारण शोधणार नाही. माझी जीभ सुटली, एवढंच कारण.

तेव्हा भिलाईत कारखान्याच्या पहिल्या भट्ट्या पेटून काही वर्षं झाली होती आणि पुढच्या टप्प्याचं बांधकाम जोरात होतं. दिवसभर ट्रक, क्रेन आणि लाल धूळ. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं दुपारी विटकरी व्हायचं आणि माय रोज नव्यानं शिव्या घालायची. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून पाया खोदायच्या कामावर इथे आले होते. सातवी पास होते, अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून त्यांना प्रयोगशाळेत घेतलं. काम सॅम्पलवाल्याचं. कारखान्यातल्या ठरलेल्या जागी जायचं, ठरलेल्या वेळी पाण्याच्या बाटल्या भरायच्या, चिठ्ठी लावायची आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. बाबांची एकही बाटली कधी चुकीची म्हणून परत आली नव्हती, आणि हे आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत माहीत नसलेला एकही माणूस नव्हता, कारण बाबांनी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

मी नागपूरला रसायनशास्त्र शिकले. एम.एस्सी. झाल्यावर संशोधन करायचं डोक्यात घेतलं. रसायनाच्या विभागप्रमुखांनी दारातूनच परत पाठवलं. मग दोन खोल्यांचा एक नवा जीवरसायनाचा विभाग निघाला होता, तिथल्या सरांकडे गेले. त्यांच्याकडे एकच जागा होती. ती मागणारे आम्ही दोघं, मी आणि पहिल्या वर्गात पहिला आलेला एक मुलगा. सरांनी दोघांना एकेक काम दिलं आणि सांगितलं, सुट्टी संपल्यावर सोमवारी बघू.

माझं काम असं होतं. कोळसा भाजून कोक करतात तेव्हा जो वायू निघतो, तो धुतात. त्या धुण्याच्या पाण्यात फिनॉल उतरतं. त्याला दवाखान्याच्या फरशीसारखा वास येतो, आणि ते विष आहे. पोलादाचे जेवढे म्हणून कारखाने जगात आहेत, तेवढ्यांपुढे प्रश्न एकच, हे पाणी साफ कसं करायचं. सरांचं म्हणणं, कुठलातरी जंतू हे विषच अन्न म्हणून खात असणार. "तुम्ही भिलाईच्या आहात. तो जंतू त्याच पाण्यात सापडेल. मला आणून दाखवा."

"सर, पण हे रसायन झालं की जीवशास्त्र?"

"जंतू सापडला की त्यालाच विचारा, तो कोणत्या विभागात बसतो ते."

मी हसले खरी. जंतू मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते. आणि सरांनी अजून एक अट घातली. एकदा वाढला तर योगायोग म्हणू. त्यातला थेंब दुसऱ्या फ्लास्कात टाकून तिथंही वाढला पाहिजे. नाही वाढला तर जागा त्या मुलाची, आणि माझं काय, तर कुठल्यातरी शाळेत विज्ञान शिकवणं. शाळेत शिकवण्यात वाईट काही नाही हो. पण मला ते नको होतं. मला ती जागा हवी होती, इतकी की त्या पाच आठवड्यांत मला भाकरीची चवसुद्धा कळली नाही.

सरांच्या चिठ्ठीवर कारखान्याच्या साहेबांनी परवानगी दिली. मला आत जाता येणार नव्हतं, पण दर शनिवारी दोन बाटल्या बाबांच्या नावावर गेटाबाहेर येतील. मी बाबांना बसवून नीट समजावलं. "बाबा, एकदम नियमानं आना. साहेबासाठी आनता ना, तसंच. जराही फरक नाई पडला पायजे."

"मले शिकवून राहिली काय वं?" बाबा म्हणाले. खूश होते. लेकीचं काम आणि आपलं काम एकाच बाटलीत आलं, याचा त्यांना फार अभिमान वाटला होता.

आमच्या स्वयंपाकघराची मी प्रयोगशाळा केली. शेजारच्या आंध्राच्या बाईंकडून इडलीचं मोठं पातेलं आणलं आणि शेगडीवर त्यात फ्लास्क वाफवून घेतले. त्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. आत पाणी, थोडे क्षार, आणि अन्न म्हणून फक्त फिनॉल. त्यात बाबांनी आणलेलं पाणी चमचाभर टाकायचं आणि वाट पाहायची. जंतू असेल तर तो फिनॉल खाऊन वाढणार आणि पाणी गढूळ होणार. जंतूला हवा लागते म्हणून फ्लास्क सारखे हलवायचे. यंत्र कुठलं आणणार? मी हलवायची, मी थकले की माय हलवायची. भिलाईचा मे महिना, घरातसुद्धा अंग भाजायचं, म्हणून माठाशेजारी ओल्या वाळूत फ्लास्क ठेवून त्यांच्यावर ओलं फडकं.

"आमचं लेकरू असं कधी हालवलं नाई," माय म्हणायची.

फिनॉल आहे की संपलं हे बघायला सरांनी दोन द्रावणं दिली होती. थेंबभर पाण्यात ती टाकली की फिनॉल असलं तर लाल, नसलं तर नुसतं पिवळट.

पहिला आठवडा लाल. दुसरा आठवडा लाल. फ्लास्कमधलं पाणी स्वच्छ, काचेसारखं. मी वाळू बदलली, क्षार पुन्हा तोलले, फिनॉल निम्मं केलं. तिसरा आठवडा लाल. आता मी मायवर खेकसायला लागले, की तू नीट हलवत नाहीस. माय बिचारी गप्प बसायची, आणि माय गप्प बसते म्हणजे काहीतरी फारच बिघडलंय, हेही मला कळत होतं. चौथ्या आठवड्यातही लालच. त्या मुलाचं काम झालं असेल, असं रोज मनात यायचं. आपण उगाच दुसऱ्याच्या शेतात घुसलो, आपली रसायनाची वाट काय वाईट होती, असंही यायचं.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी बाबा दुसऱ्या पाळीला जायचे होते. जेवून खाटेवर बसले होते. मी फ्लास्ककडे बघत म्हटलं, "बाबा, बाटली भरल्यावर घरी येतपावतर लय वेळ जात असन ना? रस्त्यात पान्यात काही बदलत असन."

बाबा हसले. "माह्या बाटलीत काही बदलत नाई. मोरचूद टाकतो ना मी."

"मोरचूद?"

"हव. नाई टाकलं तं फिनॉल गायब होते ना! सकाळी भरलं अन् साहेबानं दुपारी पाह्यलं तं आकडा कमी. म्हून रशियन साहेबानं पहिल्या वर्षीच सांगतलं, या पान्यात मोरचूद टाकल्याबिगर बाटली टेबलावर नाई ठेवाची. तुह्या बाटलीत तं मी जरा जास्तच टाकतो. लेकीचं सॅम्पल हाये, खराब नाई व्हाले पायजे."

मोरचूद म्हणजे ते निळे खडे, जे विरघळवून संत्र्याच्या झाडावर रोग मारायला फवारतात. ते जंतू मारतं. मारण्यासाठीच टाकतात. चार आठवडे माझ्याकडे आलेली प्रत्येक बाटली घरी येण्याआधीच मेलेली होती.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. "मारून टाकलं तुमी! सगळे मारून टाकले! चार आठवडे मी मढे हालवून राहिली येथी!"

"अवो, पन मी तं नियमानं..."

"चुलीत गेला तुमचा नियम! मले नको तुमचं पानी. तुमच्या हातचं पानी नको मले!"

मायच्या हातातलं भांडं खाली आदळलं. बाबांनी चपला घातल्या, डबा घेतला आणि निघून गेले. पाळीला अजून तास होता.

"तुले समजते काय तू काय बोलली?" माय म्हणाली. "जीभ हाये का विळा हाये?"

समजत होतं. तोंडातून निघाल्याबरोबर समजलं होतं. गावात आमच्या लोकांच्या हातचं पाणी कोणी घ्यायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यात नवल काय. पण बाबांनी मला एक गोष्ट एकदाच सांगितली होती. ते बारा वर्षांचे असताना गावाबाहेर आंब्याखाली एक म्हातारा वाटसरू उन्हानं अर्धमेला होऊन पडला होता. बाबा धावत जाऊन पाण्याचा गडवा भरून घेऊन आले. म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाचा रे तू? बाबांनी सांगितलं. तहानेनं त्याचे ओठ फाटले होते, तरी तो म्हणाला, तुझ्या हातचं पाणी नको, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. बाबा गडवा घेऊन तिथंच उभे राहिले. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आणि त्याच बाबांनी प्रयोगशाळेतली पहिली बाटली नेली, तेव्हा साहेबानं ती हातातून घेतली, उजेडात धरली, बूच काढलं आणि नाकाशी नेऊन वास घेतला. बाबांनी हे घरी येऊन तीनदा सांगितलं होतं. माह्या हातचं पानी साहेबानं नाकाले लावलं. मी तेव्हा शाळेत होते, मला त्यात एवढं काय ते कळलं नव्हतं.

त्या दुपारी रडून झाल्यावर अजून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिनं मला पार आडवं केलं. चूक बाबांची नव्हतीच. साहेबासाठी आणता तसंच आणा, हे मीच सांगितलं होतं. सहा वर्षं रसायन शिकलेली मी! रसायनवाल्यांचा नमुना म्हणजे भरला तसाच राहिला पाहिजे, त्यात काही घडता कामा नये. आणि मला हवं होतं ते पाणी घडणारं, जितंजागतं. मला पाणी जिवंत हवंय, एवढं एक वाक्य मी बाबांना सांगितलं नव्हतं, कारण ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवारी बाबांशी बोलायचा प्रयत्न केला. भांडायला ही जीभ सदा तयार, आणि माफी मागायची वेळ आली की मुकी. बाबांनी चहा घेतला, पेपर वाचला, मायला भाजी काय आणू विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवार हा बाटल्यांचा शेवटचा शनिवार. तो गेला की संपलं. एक थेंब जिवंत पाणी मिळालं नाही, तर सरांसमोर जाऊन मी दाखवणार काय होते, इडलीचं पातेलं? पण बाबांना बाटल्या आणा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? शुक्रवारच्या सुटीनंतर त्यांची पाळी बदलली होती; सकाळी ते निघाले तेव्हा मी दाराच्या आड उभी होते. पिशवी घेतली की नाही, दिसलं नाही. दिवसभर मी नुसती आतबाहेर करत होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, सायकलींचा लोंढा आला, गेला. बाबा नाहीत. अर्धा तास झाला. माय दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.

मग बाबा आले. सायकल उभी केली, हँडलची पिशवी काढली आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर ठेवली. आत दोन बाटल्या.

"मोरचूद नाई टाकलं," ते म्हणाले. "अन् म्या भरलं नाई. दुसऱ्या पाळीच्या सॅम्पलवाल्या भाऊकडून भरून घेतलं. तो येतपावतर थांबलो म्हून टाइम लागला. माह्या हातचं नाई हाये. घे."

आणि आत गेले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन दुभंगत नसते आणि जंतू वाट पाहत नसतात. मी डोळे पुसले, हात साबणानं धुतले आणि बाटली उघडली.

रविवार काही नाही. सोमवार काही नाही. मंगळवारी इतकं ऊन तापलं की माठातलं पाणी कोमट झालं आणि मी दर घटकेला फडकी भिजवत बसले. बुधवारी सकाळी मी अंगणात फडकी पिळत होते, तेव्हा आतून मायचा आवाज आला, "हे पानी तं नासलं वाट्टे वं. फेकू काय?"

मी अशी किंचाळले की शेजारच्या बाई धावत आल्या. मायच्या हातातला फ्लास्क मी हिसकून घेतला. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं झालं होतं. थेंब काढला, दोन्ही द्रावणं टाकली. लाल झालं नाही. थांबले, अजून थांबले. पिवळटच राहिलं. खाल्लं होतं! माझ्या जंतूंनी सगळं विष खाऊन टाकलं होतं! मी मायला मिठी मारली. तीही हसायला लागली, कशासाठी ते तिला नीटसं कळलं नव्हतं तरी.

संध्याकाळी बाबांनी दारातूनच विचारलं, "उगवलं काय?"

"हव, बाबा."

"बरं झालं. त्या भाऊचा हात चांगला हाये."

ते टोचायला बोलले नव्हते. हेच तर वाईट होतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बुधवारचा थेंब मी दुसऱ्या फ्लास्कात टाकला. शनिवारी तोही गढूळ झाला. रविवारी दुर्गवरून पॅसेंजर पकडली, फ्लास्क मांडीवर घेतला आणि नागपूरपर्यंत हलवत गेले. समोरची म्हातारी विचारत होती, दही घुसळून राहिली काय बाई? मी हो म्हटलं.

सोमवारी सरांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. किती वेळ बघत होते देव जाणे, मी कधी भिंतीकडे बघत होते, कधी शेजारी उभ्या त्या मुलाकडे. मग त्यांनी मला बघायला सांगितलं. बारीक काड्या, इकडून तिकडे धावणाऱ्या. इतक्या दिवसांनी भेट झाली.

"पण आधीचे चार आठवडे काय केलंत?" सरांनी विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला होता, नाही कशाला म्हणू. पण मी मोरचुदाची गोष्ट सांगितली. वडील प्रयोगशाळेत आहेत, त्यांनी नियमानं टाकलं, टाकलं नाही तर फिनॉल आपोआप गायब होतं असं ते म्हणतात. सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमच्या वडलांना हे आधीपासून माहीत होतं?"

"त्यांना जंतू माहीत नव्हता, सर. गायब होतं एवढं माहीत होतं."

"अहो, तेच तर निरीक्षण! सकाळी किती, दुपारी किती, कोणत्या महिन्यात जास्त, कोणत्या कमी. हा तुमचा विषय. यात रसायन आहे, जंतू आहे आणि कारखानाही आहे, तिघांपैकी कोणालाही सोडता येणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जागा तुमची. पण दर आठवड्याला नमुना आतून यायला हवा. तीच जागा, तीच वेळ. आणि एकाच माणसाच्या हातचा. माणूस बदलला की आकडे बदलतात. वडील आणतील ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी पोचले तेव्हा बाबा सायकलची चेन पुसत होते. मायनं जागा मिळाल्याचं ऐकून सगळ्या लाइनीत गूळ वाटायला घेतला. बाबाही हसले, डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाबा, दर आठवड्याले पानी लागन. तीन वर्षं." मी म्हटलं. "अन् एकाच हातचं लागन. सर म्हन्ते माणूस बदलला तं चालत नाई. मले तुमच्या हातचं पायजे, बाबा. मी जे बोलली ते... माफ करा मले. मी लय वाईट बोलली."

बाबांनी चेन पुसायचं थांबवलं. चिंधीनं एकेक बोट पुसलं.

"कागद आन," ते म्हणाले. "किती वाजता भराचं, कोठून भराचं, काय टाकाचं अन् काय नाई टाकाचं, सारं लिहून दे या वक्ताले. तोंडी सांगतलेलं मी नाई ऐकत."

मी कागद आणला. रडत रडत लिहिलं, जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात. बाबांनी तो उजेडात धरून दोनदा वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

"खाली सही कर, मॅडम. साहेबाच्या सहीबिगर मी बाटलीले हात लावत नाई."